मूल कॉलेजांत गेल्यानंतर

जून-जुलै महिन्यांत पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर सातारा-सांगलीकडून येणाऱ्या एस. टी. गाड्यांतून एका विशिष्ट प्रकारचीं माणसें उतरतांना दिसतात. एका हातांत कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातांत नवी प्लास्टिकची बादली, काखेंत गादीची वळकटी, आणि मागोमाग सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. प्रवेशाचे कागद बापाच्या सदऱ्याच्या आंतल्या खिशांत असतात, आणि दर दहा मिनिटांनीं तो ते चांचपून पाहत असतो. पुढल्या आठ दिवसांत फी भरली जाते, खोली ठरते, खानावळ ठरते, आणि आईबाप गांवीं परततात. आपलें कर्तव्य पार पडलें असें त्यांना वाटतें. आणि जें डोळ्यांना दिसण्यासारखें होतें तें खरोखरच पार पडलेलें असतें.

ह्यानंतर जें सुरू होतें, त्याची तरतूद मात्र फार थोड्या घरीं केलेली असते. शाळेंत असेपर्यंत मुलाविषयींची बरीवाईट बातमी आपोआप घरीं पोहोंचत असे. प्रगतिपुस्तकावर सही लागे. दोन दिवस मूल वर्गांत दिसलें नाहीं, तर मास्तर बाजाराच्या दिवशीं बापाला गांठून कारण विचारीत. गणितांत गुण कमी पडले तर शेजारच्या मुलाकडूनच तें आईच्या कानांवर जाई. कॉलेजांत ही वाट बंद होते. निकाल विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावर लागतो आणि त्याच्याच परवलीच्या शब्दानें उघडतो. वयाचें अठरावें वर्ष पुरें झालें कीं कायद्यानें तो सज्ञान होतो व कागदांवर त्याचीच सही चालते. कांहीं महाविद्यालयें गैरहजेरीची सूचना पालकांना पाठवितात; पण ती बहुधा वेळ टळून गेल्यावर हातीं पडते. म्हणजे वाईट बातमी घरीं आणणारें माणूस आतां एकच उरतें, आणि तें म्हणजे स्वतः तें मूल. तिनें पालकांना दुःख होईल हें जाणूनहि त्यानें ती आणावी, आणि वेळेवर आणावी, इतका घराचा उंबरठा त्याला सोपा वाटला पाहिजे. पालकांनीं करावयाच्या मदतींत ही मदत पहिली. बाकीच्या तिच्या मागून येतात.

पूर्वींहि खेड्यांतील मुलें शिकण्यासाठीं शहरांत जातच होतीं. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा अनेक घराण्यांत अजून सांगितल्या जातात. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें आणि त्यामागून इतर अनेक समाजांचीं वसतिगृहें तेथें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारें वसतिगृह सुरू केलें. पुण्यांत विद्यार्थी साहाय्यक समितीचें काम १९५५ पासून चालूं आहे. अशा ठिकाणीं मुलाला केवळ छप्पर मिळत नसे. कोण आजारी आहे, कोण दोन दिवस जेवला नाहीं, कोणाचें पुस्तक उघडलेलें दिसत नाहीं, हें पाहणारा एक वडीलधारा माणूस तेथें असे. अशीं वसतिगृहें आजहि आहेत, आणि ज्याला त्यांत जागा मिळेल त्यानें ती खुशाल घ्यावी; परंतु अर्ज करणाऱ्यांच्या मानानें जागा थोड्या. पुष्कळसे विद्यार्थी ‘कॉट बेसिस’वर राहतात. चौघांच्या खोलींत एक खाट, अर्धें कपाट आणि महिन्याचें भाडें, एवढाच तो करार असतो. घरमालकाला भाडें वेळेवर मिळालें कीं त्याची चौकशी संपली. मूल जेवलें कीं नाहीं, हें तेथें कोणी पाहत नाहीं.

समजा, माण तालुक्यांतील एखाद्या खेड्यांतला मुलगा आहे. घरीं कोरडवाहू शेती, बाप दहावीपर्यंत शिकलेला, आई सातवीपर्यंत. मुलगा दहावीला शाळेंत पहिला आलेला. गांवच्या चौकांत त्याच्या अभिनंदनाचा फलक लागलेला. पुण्याच्या कॉलेजांत त्याच्या वर्गांत जे साठ-सत्तर विद्यार्थी आहेत, त्यांतील निम्मे आपापल्या शाळेंत पहिलेच आलेले आहेत, हें त्याला पहिल्याच आठवड्यांत समजतें. दहावीपर्यंतचें शिक्षण मराठींत झालेलें. बारावीच्या शास्त्रविषयांची इंग्रजी पुस्तकें त्यानें पाठ केलीं, पण इंग्रजींत चाललेलें तासाभराचें व्याख्यान ऐकून टिपणें काढण्याची संवय त्याला नाहीं. फळ्यावरचें उतरून घ्यावें तर ऐकणें राहतें, ऐकावें तर उतरून घेणें राहतें. शंका विचारावी तर इंग्रजींत चूक होईल आणि मागले हंसतील, ही भीति. आठ-दहा आठवडे अशा स्थितींत गेले, कीं आपण मुळांतच मंद आहों, आजवरचे गुण चुकून मिळाले, असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः त्याची बुद्धि जेथें होती तेथेंच आहे. भाषा, गति आणि बरोबरीचीं माणसें हीं तिन्हीं एकदम बदललीं आहेत. हें त्याला सांगणारें कोणी हवें, आणि तें घरच्यांनीं तो जाण्यापूर्वींच सांगितलेलें बरें. पहिल्या सहामाहींत गुण उतरतील, तें आम्ही धरून चाललों आहों, एवढें एक वाक्य बापाच्या तोंडून जून महिन्यांत निघालें, तर नोव्हेंबरांत त्याची किंमत कळते.

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजांत श्रीनिवास रामानुजन १९०४ सालीं शिष्यवृत्ति घेऊन दाखल झाले. शाळेंत त्यांचें मोठें नांव होतें. कॉलेजांत गणितावांचून दुसऱ्या कशांतच त्यांचें लक्ष लागेना. इतर विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ति गेली. १९०५ च्या ऑगस्टांत, अठरा वर्षेंहि पुरीं झालेलीं नसतां, ते घरीं न सांगतां निघून विशाखापट्टणच्या बाजूला गेले. पुढें ते परतले. १९०६ सालीं मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजांत त्यांनीं पुन्हां नांव घातलें, आणि तेथेंहि एफ्. ए. ची परीक्षा त्यांना उतरतां आली नाहीं. केंब्रिजचे गणिती हार्डी यांना १९१३ सालीं त्यांनीं लिहिलेलें पत्र आणि १९१८ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना दिलेलें सभासदत्व ह्या गोष्टी सर्वतोमुखीं आहेत. १९०५ सालीं घरांतून नाहींसा झालेला तो कॉलेजचा विद्यार्थी फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो. प्रत्येक नापास मुलगा रामानुजन नसतो हें उघड आहे, आणि तसें सांगून कोणाचें समाधान करण्यांतहि अर्थ नाहीं. परंतु एवढ्या बुद्धिमान मुलावरहि ही वेळ आली, तर आपल्या घरीं ती येणार नाहीं, असें कोणत्या पालकानें समजावें?

ती वेळ आली तर काय करावयाचें, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे तिची धास्ती अर्धी होते. येथें एका शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. खेड्यांत ‘नापास’ म्हणजे वर्ष फुकट गेलें, असाच अर्थ घेतात. कॉलेजांत ‘ए. टी. के. टी.’ नांवाची सोय आहे. कांहीं विषयांत नापास झालेला विद्यार्थी ठरलेल्या मर्यादेच्या आंत असेल, तर त्याला पुढल्या वर्षाच्या वर्गांत बसतां येतें आणि राहिलेले विषय मागाहून सोडवितां येतात. मर्यादा प्रत्येक विद्यापीठाची निराळी असते. मुलाला एका विषयांत ‘के. टी. लागली’ हें ऐकून बापानें अन्न टाकल्याचीं उदाहरणें घडतात, तीं केवळ ह्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसल्यामुळें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीची रचनाहि बदलली आहे. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथें वर्ष केल्यास ऑनर्स पदवी, अशा पायऱ्या तींत आहेत, आणि मिळविलेलीं श्रेयें विद्यार्थ्याच्या खात्यांत जमा राहतात. महाविद्यालयाचें माहितीपुस्तक प्रवेशाच्या वेळीं सर्वांनाच मिळतें. बाप आणि मुलगा ह्या दोघांनीं एका संध्याकाळीं बसून त्यांतील परीक्षेचे आणि हजेरीचे नियम वाचावे. शेंकडा ७५ हजेरीचा नियम बहुतेक ठिकाणीं असतो, आणि तो मोडल्यास परीक्षेला बसूं देत नाहींत. मूल निर्दोष असतांना हे नियम वाचण्यांत कोणालाच संकोच वाटत नाहीं. प्रसंग ओढवल्यावर तेंच पान उघडणें फार जड जातें.

पैशाची गोष्ट ह्याहून नाजूक. कित्येक घरीं मुलाच्या शिक्षणासाठीं दागिने सोसायटींत जातात, म्हैस विकली जाते, एखादा एकर गहाण पडतो. हें मुलापासून लपवावें असें नाहीं. अठरा वर्षांच्या माणसाला घरची मिळकत किती व खर्च किती हें समजलेंच पाहिजे, आणि वर्षाचा अंदाज त्याच्यासमोर कागदावर मांडावा हेंच योग्य. परंतु एकदां मांडून झाल्यावर प्रत्येक फोनच्या शेवटीं ‘तुझ्यापायीं आम्ही काय काय सोसतों आहों’ हें पालुपद नको. तें ऐकून मूल अधिक अभ्यास करतें, ही समजूत चुकीची आहे. बहुधा तें कमी खातें. खानावळीचा एक वेळचा डबा बंद करतें, चहा-वडापावावर दिवस काढतें, आजारी पडलें तर डॉक्टरकडे जात नाहीं. आणि गुण कमी पडले तर सांगत नाहीं, कारण प्रत्येक गुणामागें त्याला गहाण पडलेली जमीन दिसत असते. महिन्याची रक्कम ठरवून एका तारखेला पाठवावी, तिच्यांत भागविण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी, आणि रकमेच्या बाहेर थोडेसे पैसे आजारपणासाठीं म्हणून वेगळे ठेवावे. आठवड्याचा हिशेब तोंडीं मागूं नये. महिन्याअखेर त्यानें स्वतः लिहिलेला हिशेब पाहावा, आणि त्यांत सिनेमाचें एक तिकीट आढळलें तर तें पाहिलें न पाहिलेंसें करावें.

ह्याच ठिकाणीं पालकांना करण्यासारखें एक भरीव काम आहे, आणि त्याला इंग्रजी येण्याची गरज नाहीं. तें म्हणजे दाखले. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला व तिची पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, हे सारे कागद तहसील कचेरीपासून जिल्ह्याच्या पडताळणी समितीपर्यंतच्या वाटेवर मिळतात, आणि ही वाट बारावीचा निकाल लागल्यावर चालूं लागलें तर पुरी होत नाहीं. अकरावींतच तिला लागावें. फीची सवलत असो, पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता असो, किंवा वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठींची स्वाधार योजना असो, प्रत्येकीच्या अर्जास हेच कागद लागतात. २०२४-२५ पासून महाराष्ट्रांत आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें आहे. बँकेचें खातें आधारशीं जोडलेलें नसेल तर मंजूर झालेली रक्कमहि अडकते. ती खात्यावर येण्यास कित्येकदां वर्ष सरतें, हें धरूनच पहिल्या वर्षाची तजवीज करावी. बापानें तहसीलीच्या फेऱ्या माराव्या आणि मुलानें अर्ज भरावा, अशी वांटणी झाली म्हणजे दोघांनाहि आपण एका कामांत आहों असें वाटतें. उपदेशानें हें साधत नाहीं.

आतां फोन. पूर्वीं महिन्याकाठीं एखादें पोस्टकार्ड येई, आणि त्यांत ‘मी खुशाल आहें’ यापलीकडे कांहीं नसे. आज मूल दिवसांतून तीनदां बोलूं शकतें, म्हणून त्यानें तीनदां बोललेंच पाहिजे असें आईस वाटतें. खोलींतल्या चौघांसमोर ‘जेवलास कां, काय जेवलास, भाजी कोणती होती’ ह्या प्रश्नांना रोज उत्तरें देणारा मुलगा आठ दिवसांत ‘हो’ आणि ‘बरं’ ह्यांवर येतो. आईचें विचारणें चुकीचें नसतें. जेवणाची चौकशी ही तिच्या मायेचीच भाषा आहे. परंतु रोजचा फोन हळूहळू हजेरीपटाचें रूप घेतो, आणि हजेरीपटावर कोणी मन मोकळें करीत नाहीं. आठवड्यांतून दोन वार आणि वेळ ठरवून घ्यावी. त्या वेळीं घाई नसावी. प्रश्न असे असावे कीं ज्यांना ‘नाहीं’ असें उत्तर देतां येईल. ‘अभ्यास नीट चालला आहे ना?’ ह्या प्रश्नांत उत्तर आधींच भरून ठेवलेलें असतें. ‘कोणता विषय डोक्यांत शिरत नाहीं?’ असें विचारलें तर सांगण्यास जागा होते. आणि मुलानें एखादी अडचण सांगितलीच, तर पहिल्या पांच मिनिटांत बापानें उपाय सांगूं नये. बापांना हें फार कठीण जातें.

मुलींच्या बाबतींत ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. कित्येक घरांतून मुलगी कॉलेजांत जाते ती एका अलिखित अटीवर: कांहीं कमीजास्त झालें तर परत आणूं. ही अट घालणाऱ्यांना ती सावधगिरी वाटते. तिचा परिणाम मात्र उलटा होतो. रस्त्यांत कोणी त्रास दिला, वर्गांत कोणी अचकट बोललें, वसतिगृहांत दमदाटी झाली, तरी मुलगी घरीं बोलत नाहीं. कारण बोललें तर त्रास देणारा तेथेंच राहील आणि आपलें मात्र शिक्षण संपेल, हें तिला पक्कें ठाऊक असतें. म्हणून निघतांनाच तिला स्पष्ट शब्दांत सांगावें, कीं कांहीं झालें तरी तुझें शिक्षण थांबणार नाहीं, त्याचा बंदोबस्त आपण करूं. बंदोबस्ताचीं साधनेंहि आहेत. प्रत्येक महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं अंतर्गत समिती असावी असा नियम आहे. नवागतांच्या छळाविरुद्ध, म्हणजे ज्याला रॅगिंग म्हणतात त्याविरुद्ध, महाराष्ट्रांत १९९९ पासून कायदा आहे. त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम देशभर लागू आहेत, आणि १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस तक्रार करतां येते. हा क्रमांक मुलाच्या व बापाच्या, दोघांच्याहि फोनमध्यें असावा.

कांहीं वेळां गोष्ट गुणांच्या आणि छळाच्याहि पलीकडे जाते. रोज बोलणारें मूल आठ-आठ दिवस फोन उचलीत नाहीं, दुपारपर्यंत झोपून असतें, जेवण सुटतें, आवडीच्या गोष्टींत मन लागत नाहीं, ‘माझ्यामुळें तुम्हांला त्रास’ असें पुन्हांपुन्हां म्हणतें. अशा वेळीं आळशीपणाचा आरोप करूं नये आणि भगताकडेहि नेऊं नये. दुसऱ्याच दिवशींच्या एस. टी. नें आईनें किंवा बापानें तेथें जावें. जाऊन खोलीवर बसावें, बाहेर जेवावयास न्यावें, दोन दिवस राहावें; आणि डॉक्टरचा सल्ला घ्यावा. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर १९२२ ला नव्हे, शंभर वर्षांनीं, २०२२ सालीं सुरू झाली. पूर्वीं असें कांहीं हातांशीं नव्हतें. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, बोलणें विनामूल्य आहे, आणि पालकांनाहि तेथें विचारतां येतें. जुंधळ्याची काढणी दोन दिवस पुढें गेली तर चालते.

पहिली सुटी बहुधा दिवाळीची असते. मूल घरीं येतें तें थोडें वेगळें होऊन. उशिरापर्यंत झोपतें, केसांचा भांग बदललेला असतो, बोलण्यांत दोन-चार नवे शब्द येतात, आणि कोणी शेजारी ‘पुण्याचें वारें लागलें’ म्हणून जातो. हें सारें सोडून देण्यासारखें आहे. सांभाळावयाचें तें एवढेंच, कीं ओसरीवर चार माणसें बसलेलीं असतांना परीक्षेचा विषय काढूं नये, आणि दुसऱ्या कोणीं काढला तर बापानें तो तेथेंच वळवावा. शेताकडे जातांना, विहिरीवर, मोटारसायकलीवर मागें बसलेला असतांना, जेव्हां दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, तेव्हां विचारावें. उत्तर यावयास वेळ लागेल. तेवढा वेळ गप्प राहावें. ‘दोन विषय राहतील असें वाटतें,’ असें तो म्हणाला, तर ते विषय कोणते आणि पुन्हां बसण्याचा फॉर्म कधीं भरावयाचा, एवढेंच विचारावें, आणि फॉर्मचे पैसे तो परत जाण्यापूर्वीं त्याच्या हातीं द्यावे.